रेस दिल्यावर नाहीशी होणारी शिट्टी

८ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायचं ते कागदावर लिहितोय, कारण फोनवर आपलं दोघांचं 'काय?' आणि 'काही नाही' याच्या पुढे जात नाही. तुमच्याकडची लाइन खराब आहे म्हणता, असेल. शिवाय आमचा फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि तुमची लेक दिवसभर तिथेच बसलेली असते. तिच्यासमोर तिच्याबद्दल कसं बोलणार?

ऑगस्टात आमची मुलगी जन्माआधीच गेली, तेव्हापासून ही अशीच आहे. रडत नाही. चिडत नाही. वेळेवर उठते, आंघोळ करते, पुढ्यात ठेवलेलं जेवते. विचारलं तर उत्तर देते, नाही विचारलं तर नाही. डॉक्टर म्हणतात प्रकृती उत्तम आहे. परवा कप धुतला आणि नळ तसाच चालू ठेवून त्याच्याकडे बघत उभी राहिली. मी पाण्याच्या प्लांटवर काम करणारा माणूस, वाहता नळ मला बघवत नाही. पण बंद करायला पुढे झालो नाही. दारातच थांबलो.

भेटायला येणारे सगळे एकच सांगतात, की अजून वय आहे. ती मान हलवते. नकाशा कचेरीने तिला नव्या वर्षापर्यंत रजा दिली आहे. त्यामुळे दिवस आणखीच मोठा झालाय.

तुम्ही दवाखान्यात आलात तेव्हा काय बोलावं ते न सुचून खोलीतल्या पंख्याचा रेग्युलेटर उघडून बसलात. खरं सांगतो, मला तेव्हा राग आला होता. पण घरी आल्यावर तिने आपण होऊन एकच गोष्ट सांगितली, की बाबांनी पंखा नीट केला. म्हणून विनंती करतो. तिला पत्र लिहा. त्या विषयावर नको. तुमच्या दुकानाबद्दल लिहा, वायरींबद्दल लिहा, काहीही. टपाल ती स्वतः उघडते. आणि शेवटी एखादा प्रश्न ठेवा, म्हणजे तिला उत्तर द्यावं लागेल.

माझं ठीक आहे. प्लांटवर काम भरपूर आहे.

आम्हां दोघांवर लोभ आहेच. सध्या त्यातला तिच्या वाट्याचा थोडा जास्त असू द्यावा.

आपला,
जावई


१४ ऑक्टोबर

चि. सौ. खारूस,
बाबाचे पोतंभर आशीर्वाद.

माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनची लाइन फार खरखरते, म्हणून आता पत्रच लिहायचं ठरवलंय. पोस्टमनलाही बरं, त्याला माझ्या दारात थांबायला कारण मिळतं.

तुमच्या शाळेच्या हेडबाई आठवतात का? चपलांचा आवाज आला की अख्खी शाळा मुकी व्हायची, त्याच. रिटायर झाल्या, पण दरारा रिटायर झालेला नाही. त्यांची ती जुनी फिकी निळी गाडी अजून आहे, वयाने तुझ्यापेक्षा मोठी. उन्हाळ्यात पेंटरकडून नवा रंग मारून घेतला, नवरीसारखी दिसते. पण रेडिओने डाव मांडलाय. इंजिन बंद असलं की धुतल्या तांदळासारखा स्वच्छ. चालू केलं की बातम्या सांगणाऱ्या माणसाला कोणीतरी मधमाश्यांच्या पोळ्यात कोंबल्यासारखं वाटतं. हे वर्णन बाईंचं. एक टकटक आहे आणि एक शिट्टी आहे. मी म्हटलं, बाई, रेडिओ काढून टाका आणि स्वतःच गात चला. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी बॉनेट उघडलं.

आता तुला कामाला लावतो. लहानपणी तू डॅशबोर्डखाली उताणी पडून माझ्यासाठी टॉर्च धरायचीस. खारीसारखी कुठल्याही फटीत शिरायचीस, म्हणून तर नाव पडलं. रेडिओत आवाज आला तर आधी काय काढून बघायचं, हे मी तुला शिकवलं होतं. मी विसरलोय असं समज. काय काढायचं आधी? लवकर कळव, बाई दारात उभ्या आहेत.

जावईबापूंना आशीर्वाद. पत्रावर लोभ असू दे, अक्षराकडे दुर्लक्ष कर.

तुझा,
बाबा


२२ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

पत्र मिळालं. आधी एरियल काढून बघायचं. आवाज गेला तर तो एरियलमधून येतो. राहिला तर करंटच्या वायरमधून.

इथे सगळं ठीक. थंडी सुरू झाली आहे. तब्येत सांभाळा.

तुमची,
खारू


२९ ऑक्टोबर

चि. सौ. खारूस,
आशीर्वाद, आणि शाब्बासकी वेगळी.

एरियल काढलं. टकटक एकदम गेली, शिट्टी राहिली. म्हणजे एक चोर खिडकीतून येतोय आणि दुसरा दारातून. पहिल्याचा बंदोबस्त लगेच केला. टकटक म्हणजे प्लगांची ठिणगी, ती रेडिओला ऐकू जाते. चारही प्लगांना आवाज दाबणाऱ्या टोप्या घातल्या, एरियल परत लावलं, टकटक बंद. बाईंनी शेरा दिला, प्रगती समाधानकारक. मला वाटलं आता वहीवर सही करतात.

पण शिट्टीने माझी मती गुंग केली आहे. गाडी उभी असताना बारीक ऐकू येते. रेस दिली की चढते, अजून दिली की अजून चढते. आणि खूप रेस दिली की नाहीशी होते. साफ. या धंद्यात हयात गेली माझी, अशी शिट्टी बघितली नाही. बाई म्हणतात, नाहीशी कसली होते, उलट तेव्हाच ती दातांत शिरते. एकाच गाडीत बसून दोघांच्या दोन साक्षी. माझ्या मते बाईंचं वय झालंय. या वयात काहींना कानात आपोआप वाजतं म्हणे. पण हे त्यांना सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला मी धजत नाही.

तुला काय वाटतं? शिट्टी अशी मधेच जाईल का? नीट विचार करून लिही. तीन ओळींचं पत्र चालणार नाही, तेवढ्यात तर पाकीटही भरत नाही.

लोभाचं वेगळं लिहीत नाही. तो प्रत्येक पत्रात असतोच.

तुझा,
बाबा


७ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. शिट्टी बहुतेक बॅटरी भरणाऱ्या डायनॅमोची असेल. पंख्याचा पट्टा काढून गाडी क्षणभर चालवून बघा. डायनॅमो फिरला नाही आणि शिट्टी आली नाही, तर तोच. इथे बसून मी उंटावरून शेळ्या हाकते आहे, पण तुम्हीच विचारलंत.

एक समजलं नाही. नाहीशी होते म्हणजे कशी? हळूहळू बारीक होत जाते, की तार तुटल्यासारखी एकदम? आणि रेस कमी केल्यावर कुठून सुरू होते? बाईंनाही विचारा. त्या काही वाटेल ते बोलणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी आम्हांला परीक्षेत अर्धा मार्कसुद्धा उगाच दिला नाही.

पाकीट भरायला आणखी काय लिहू? कचेरीतली माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण येऊन गेली. ती रडली. मी तिला रुमाल दिला आणि चहा केला. चहात साखर घालायची राहिली, तिने तसाच प्यायला. मला तिच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. काहीच वाटत नाही, बाबा. दुखतही नाही. दाताच्या डॉक्टरने सुई मारल्यावर गाल असतो तसं आहे. आपलाच असतो, पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो.

तुम्ही जेवण वेळेवर करत जा.

तुमची,
खारू


१५ नोव्हेंबर

चि. सौ. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तू सांगितल्याप्रमाणे पट्टा काढला. शिट्टी गेली. पट्टा घातला, आली. डायनॅमोच. उघडून कार्बन नवे घातले, तांब्याच्या पट्ट्या घासून लख्ख केल्या, आवाज गाळायला वायरीवर कंडेन्सर बसवला. मग काच वर करून स्वतः आत बसलो आणि हळू, जोरात, सगळ्या रेसवर ऐकलं. शिट्टीचं नाव नाही. गाडी बाईंना दिली आणि घरी जाऊन चांगला झोपलो.

दुसऱ्या दिवशी बाई हजर. आहे तिथेच आहे म्हणाल्या. मी म्हटलं शक्य नाही. त्यांनी मला शेजारी बसवलं आणि मोठ्या रस्त्याला गाडी घेतली. वेग वाढवला आणि विचारलं, आता? मी म्हटलं काही नाही. आणखी वाढवला. आता? काही नाही. मग त्यांनी गाडी कडेला घेतली, माझ्याकडे बघत राहिल्या, आणि काही न बोलता मला परत आणून सोडलं. बाई काही न बोलता राहिल्या, हे मी पहिल्यांदाच बघितलं. उतरताना एवढंच म्हणाल्या, की घाई नाही, राहू दे सध्या.

राहू दे म्हणजे काय ते मला कळतं. दुसरीकडे दाखवणार. माझ्या दारातून अजून एकही गाडी दुखणं घेऊन परत गेली नव्हती.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. शिट्टी हळूहळू बारीक होत जाते आणि मग नसते. आता तर उभ्या गाडीतही नाही, त्यामुळे तो प्रश्नच उरला नाही.

दुकान उघडतो, खुर्चीवर बसतो, बंद करतो. परवा एक जण हॉर्न दुरुस्तीला घेऊन आला, त्याला उद्या ये म्हटलं. हॉर्नला काय लागतं, पाच मिनिटांचं काम. हातच पुढे झाला नाही. बोर्ड उतरवावा असं मनात येतंय. दुःख वगैरे काही नाही. कंटाळा म्हण.

गालाचं लिहिलंस ते वाचलं. मला त्यावर काय लिहावं ते सुचत नाही. पण वाचलं.

तुझा,
बाबा


२४ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बोर्ड उतरवू नका. निदान हे पत्र पूर्ण वाचेपर्यंत तरी.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी आपण होऊन उठले आणि कागद-पेन्सिल घेऊन बसले. नकाशात डोंगराची चढण काढतो तशी मी शिट्टीची चढण काढली. डायनॅमो जितका जोरात फिरेल तितकी शिट्टी वर चढणार. इंजिन फिरत असताना ती जाईल कुठे? मधेच थांबायला तिला काही कारण नाही. म्हणजे ती थांबत नाही, बाबा. वर जाते, आणखी वर जाते, आणि तुमच्या कानांच्या वरून निघून जाते. बाईंच्या कानांत काही आपोआप वाजत नाही. त्यांना ती ऐकू येते आणि तुम्हांला येत नाही.

फोनची लाइनही खराब नाही. तुमच्या समोरचा सायकलवाला तुमच्याच फोनवरून तुमचा निरोप देतो तेव्हा तीच लाइन स्वच्छ असते.

हे लिहावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. मग वाटलं, माझ्याशी सगळे कधीपासून सांभाळून बोलताहेत. त्याने मला काही बरं वाटलेलं नाही. उलट आपण काचेच्या पलीकडे आहोत असं वाटतं. म्हणून सरळ लिहिलं.

खात्री करायची असेल तर मागे तुमच्या तापात यांनी आणून दिलेला आकड्यांचा थर्मामीटर काढा. काखेत धरा. झालं की तो बारीक आवाजात वाजतो. वाजला का ते कळवा.

रागावलात तरी पत्र लिहा. राग पाकिटात मावतो.

तुमची,
खारू


१ डिसेंबर

चि. सौ. खारूस,
आशीर्वाद.

थर्मामीटर वाजला नाही. सेल गेला असेल म्हणून नवा घातला. वाजला नाही. पोस्टमन तुला उत्तर पाठवायचंय का बघायला थांबला होता, त्याच्या काखेत लावला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो म्हणाला, काका, वाजतोय की. मग मला विचारायला लागला, की काका, मला ताप आहे का?

तुझी आई गेल्यापासून घरात माझ्याशी बोलणारं कोणी नाही, म्हणून हे माझ्या लक्षात आलं नसावं. दुकानात गिऱ्हाईक समोर उभं राहून बोलतं, त्याच्या तोंडाकडे बघून कळतं. मी आयुष्यभर इंजिनं कानाने दुरुस्त केली. कुठे काय घासतंय, कुठे काय सैल आहे, हात लावायच्या आधी सांगायचो. आता किती गाड्या मी नुसत्या बऱ्या झाल्या म्हणून परत दिल्या असतील, देव जाणे.

हेडबाईंकडे जाऊन त्यांना सांगितलं. त्यांना त्या दिवशी गाडीतच कळलं होतं. मग बोलला का नाहीत, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. त्या म्हणाल्या, ज्याचं पोट कानांवर चालतं त्याला हे परक्याने कसं सांगायचं? घरच्याने सांगावं. गाडी त्यांनी दुसरीकडे नेलेलीच नाही. तशीच उभी आहे.

आता ऐक. तू इकडे ये. तुला बरं वाटावं म्हणून बोलावत नाही, ते मला जमत नाही, दवाखान्यात तू बघितलंसच. शिट्टी कुठून आत येते ते मला ऐकू येत नाही आणि तुला येईल, एवढ्यासाठी बोलावतो. माझे हात अजून चालतात. तू कान घेऊन ये.

लोभ कमी झालेला नाही. ऐकू कमी येतं एवढंच.

तुझा,
बाबा


६ डिसेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं आणि तिने मला बसची वेळ विचारली. आपण होऊन. ऑगस्टपासून तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी इतका गडबडलो की परतीच्या बसची वेळ सांगितली.

बॅग तिनेच भरली. आज दुपारी पोचेल, तसं फोनवर सायकलवाल्याला सांगितलं आहे. माझा थंडीचा कोट तेवढा मी वरून तिच्या बॅगेत घातला. ती पूर्वीसारखी झाली आहे अशी अपेक्षा ठेवू नका. कमी बोलते, जेवताना हात मधेच थांबतो. थांबला तर थांबू द्या, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो.

तुमच्या कानांचं तिने सांगितलं. मी फोनवर उगाच चिडायचो, मनावर घेऊ नये.

तिला बसवून आलो. आज मला सुट्टी होती, तरी स्टँडवरून घरी न जाता प्लांटवरच आलो. इथूनच लिहितोय. टाक्या भरताना बघत बसलं की बरा वेळ जातो.

लोभ असू द्यावा, दोघांवर सारखा चालेल.

आपला,
जावई


१६ डिसेंबर

प्रिय पाणीवाल्यास,
स. न. वि. वि. (नवऱ्याला असं लिहीत नाहीत, माहीत आहे. पण एका घरात राहून आपण एकमेकांना कधी पत्रच लिहिलं नाही, त्यामुळे मायना ठरलेला नाही.)

बाबा बरे आहेत. माझ्या ओठांकडे बघून बोलतात, त्यामुळे मी पाठ फिरवली की संभाषण संपतं. गजराचं घड्याळ स्टीलच्या ताटलीत ठेवून झोपतात. सकाळी ताटली नाचते, मी उठते, ते उठत नाहीत. सोमवारी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. मशीन लावायचं म्हटल्यावर आधी त्यांनी ते उघडता येतं का असं विचारलं.

काल शिट्टी सापडली. ते सविस्तर सांगते.

हेडबाईंनी गाडी दुकानासमोर आणून लावली. मला बघून त्यांनी ते अजून वय आहे वगैरे काही म्हटलं नाही. केस कमी विंचरतेस असं म्हणाल्या. त्या चालवायला बसल्या, मी त्यांच्या शेजारी, बाबा बॉनेटपाशी. इंजिन चालू असताना हाका मारून बाबांना काही कळणार नाही, म्हणून खुणा ठरवल्या. मी काचेतून हात वर केला तर शिट्टी आहे, खाली केला तर गेली. बाईंनी रेस दिली आणि ती आली. अगदी बारीक, सुईसारखी. बाबांनी माझ्या वर गेलेल्या हाताकडे बघितलं. त्यांना तेव्हाच खरं पटलं असावं. त्यांनी पाना पुसला. मग कामाला लागले.

रेडिओला वेगळी बॅटरी जोडली. हात वर. कंडेन्सर बदलला. हात वर. वायरींची जागा बदलली. हात वरच. बाबा वैतागून म्हणाले, की चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय. शेवटी त्यांनी पुन्हा एरियल काढलं आणि मी हात खाली केला. पूर्वी त्यांनी एरियल काढून बघितलं होतं तेव्हा शिट्टी दोन्ही वाटांनी येत होती, एक वाट त्यांनी कंडेन्सरने बंद केली. दुसरी उरली होती, पण ती त्यांना ऐकूच येत नव्हती, मग शोधणार कशी? मी खाली उतरले. एरियलची बैठक पत्र्यावर बसते, तिचा पत्र्याशी धातूला धातू लागायला हवा, नाहीतर आवाज आत शिरतो. आम्ही स्क्रू काढून ती उचलली, तर खाली तोच फिका निळा रंग, जाड, गुळगुळीत. उन्हाळ्यात पेंटरने बैठक काढून सगळीकडे मन लावून रंग मारला होता आणि वरून ती परत बसवली होती. काखेत कळसा म्हणतात तो हा. बाबांनी चाकूने आणि पॉलिश पेपरने रंग खरवडला, पत्रा चमकायला लागला, बैठक परत ठेवली. बाईंनी रेस दिली. आणखी दिली. मी हात खाली केला आणि खालीच ठेवला. रेडिओवर कोणीतरी उद्याच्या हवामानाबद्दल सांगत होतं. प्रत्येक शब्द वेगळा ऐकू येत होता.

बाबा स्क्रू आवळत होते. बाई समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "नाव काय ठरवलं होतंस तिचं?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. कसं कोण जाणे, सरळ तोंडातून आलं.

बाबांना काचेतून माझे ओठ हललेले दिसले. शिट्टीबद्दल काही सांगतेय असं त्यांना वाटलं. पाना तसाच हातात घेऊन ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "परत आली?"

ते शिट्टीचं विचारत होते. मला ते कळत होतं.  मी म्हटलं, "नाही आली."

बाईंनी त्यांच्या शाळेच्या आवाजात बाबांना सांगितलं, की ती तिच्या मुलीचं नाव सांगतेय, जरा जवळ या. बाबांनी पाना खाली ठेवला आणि डावा कान खिडकीला लावला. त्या कानाने थोडं बरं ऐकू येतं. मी नाव सांगितलं. काय, म्हणाले. इंजिन चालूच होतं. मी पुन्हा मोठ्याने सांगितलं. त्यांनी मान हलवली, कळलं नाही म्हणून. तिसऱ्यांदा मी ओरडले. समोरचा सायकलवाला चाक फिरवायचा थांबला आणि बघायला लागला. बाबांनी ते नाव म्हणून बघितलं, एक अक्षर चुकलं. मी ते दुरुस्त केलं, पुन्हा ओरडूनच. मग बरोबर म्हणाले. पुढे म्हणाले, "चांगलं आहे. हाक मारायला सोपं आहे." आणि जाऊन राहिलेला स्क्रू आवळला.

मी रडले असं तुला वाटेल. नाही रडले. मला भूक लागली. इतकी, की पोटात कळ आली. बाईंनी आणलेला पाव आणि उकडलेली अंडी आम्ही दुकानातल्या बाकावर बसून खाल्ली. मी माझी खाल्ली आणि मग बाबांच्या वाट्याचंही एक खाल्लं. त्यांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं. आज सकाळी उठले तर घसा बसलेला. आणि खांदे दुखत होते, हात वर धरून. सारखं लक्षात येत होतं की दुखताहेत.

आता तुझं. आपलं ठरलं होतं की तिचा चेहरा बघितल्यावर नाव ठरवू. मी तुझ्या पाठीमागे आधीच ठरवून ठेवलं होतं. नंतर तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. आता ते बाबांना माहीत आहे, हेडबाईंना माहीत आहे, सायकलवाल्याला माहीत आहे आणि तिच्या वडिलांना नाही, हे बरं नाही. पत्रात लिहीत नाही. तोंडाने सांगेन.

तू कसा आहेस हेही मी एकदाही विचारलेलं नाही. लोक मला भेटायला यायचे आणि तू त्यांच्यासाठी खुर्च्या आणायचास. तुला कोणी काही विचारताना मला आठवत नाही. तेही पत्रात विचारत नाही.

रविवारी ये. पहिली बस पकड, या वेळी जायची. बाबांनी त्यांचा कोट तुझ्यासाठी काढून ठेवलाय, कारण तुझा तू माझ्या बॅगेत भरून दिला होतास. तुझा लोभ आहे असं मी इतके दिवस धरून चालले होते, तो मोजून घ्यायचा आहे. इथे सगळं मोठ्याने बोलावं लागतं, तेवढी तयारी ठेवून ये.

तुझीच,
खारू